खंडेनवमीचा बॉल

आमच्या शेवंतीला दोन मुलींच्या पाठीवर जुळे मुलगे झाले आणि त्यांचं बारसं नेमकं दसऱ्याला आलं, त्या वर्षीची ही गोष्ट. सख्ख्या धाकट्या बहिणीकडचं बारसं, पण मी गेले नाही. शेवंतीनं पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. काय करणार? त्या दिवशी दुपारी कॉलेजची फायनल होती आणि रेल्वेचे साहेब माझ्या सुदामचा खेळ बघायला येणार होते. साहेबांना तो पसंत पडला तर नोकरी. मी दर्यापूरला पाळण्याची दोरी ओढत बसले असते, तरी जीव परतवाड्याच्या मैदानावरच राहिला असता.

सकाळी मी भिजवलेल्या हरभऱ्यांची परात आणि उकडलेली अंडी घेऊन मैदानावर आले, तर पोरं रोजच्यासारखी पळत नव्हती. सामानाच्या खोलीपुढे घोळका करून उभी होती. मधोमध टीमचा कॅप्टन इद्रिस, हातात नवा बॉल धरून.

"कोणं उचलला?" तो विचारत होता. "सांगा ना बे. कोणं उचलला?"

त्यानं बॉल सगळ्यांपुढून फिरवला.

"कुंकू पाहा कसं फासलं गेलं. अन् ही धूळ कुठून आली? पाटावर बसल्या बसल्या बॉलले धूळ लागते का?"

माझा भाऊ प्रल्हाद, म्हणजे त्यांचे दांदळे सर, थोडा लांब उभा होता. शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होता, सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता. त्याला स्वस्थ उभं राहता येतच नसे, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

आमचे वडील सुतार होते. परतवाडा लाकडाचं गाव, गल्लोगल्ली लाकूड चिरायची आरामशीन. खंडेनवमीला वडील करवत, रंधा, पटाशी, वाकस, सगळी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचे, आणि मग दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. गिऱ्हाईक दारात येऊन बसलं तरी नाही. त्या दिवशी हत्यारांना विसावा. प्रल्हाद सुतारकी सोडून बास्केटबॉल शिकवायला लागला, पण ही रीत त्यानं सोडली नाही. त्याच्या टीमचे बॉल नवमीला पाटावर चढायचे. कॅप्टननं प्रत्येक बॉलवर हळदकुंकवाची पाच बोटं ओढायची, झेंडूचं फूल ठेवायचं. दसऱ्याच्या सकाळी कॅप्टननंच बॉल उतरवायचे. मधल्या वेळात जो कोणी बॉलला हात लावील तो पुढची मॅच बाहेर. हा नियम प्रल्हादनं पहिल्याच वर्षी केला होता आणि पोरं तो परीक्षेच्या नियमापेक्षा जास्त पाळायची. इद्रिस तर फारच. त्याच्या घरी आरामशीन होती. तो म्हणायचा, "आमच्याकडे बी नवमीले आरा बंद असते, आत्या. अब्बा म्हणतात, लोखंडाले बी एक दिवस झोप लागते."

"सांगत नसान तर मंग मी सर्वांलेच बाहेर बसवतो," इद्रिस म्हणाला.

"अन् खेळन कोण? तुही आरामशीन?" मागून कोणी तरी बोललं. हसू उठलं आणि लगेच विझलं.

मग सुदाम पुढे झाला. माझा सुदाम.

"मी उचलला," तो म्हणाला.

इद्रिसचं तोंड उघडंच राहिलं. "तू? अबे, आज साहेब येऊन रायले तुले पाहाले!"

"म्हनूनच उचलला. हात शिवशिवत होते."

इद्रिसनं प्रल्हादकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. प्रल्हादनं दोरी बोटाला इतकी आवळली होती की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

"सर, काय करायचं?" इद्रिसनं विचारलं.

"नियम माहीत आहे ना तुले," प्रल्हाद म्हणाला आणि खोलीत निघून गेला.

मी परात तिथेच खाली ठेवली आणि सुदामचा दंड धरून त्याला कडुलिंबाकडे ओढत नेलं.

"तुले अक्कल आहे का रे? एक दिवस हात आवरता येत नाही?"

"एका मॅचचं तर आहे, माय."

"एका मॅचचं! थो साहेब काय दर आठवड्याले येते? एवढी वर्षं मामानं घासलं तुले, कायसाठी?"

"येईन पुन्हा कोणीतरी."

"तुह्या बापाची रेल्वे आहे का, पुन्हा यायले?"

तो हसला. सुदाम चार वर्षांचा असताना त्याचा बाप गेला. तेव्हापासून आम्ही दोघं प्रल्हादकडेच. मैदानावर त्याला 'सर' म्हणायचं आणि घरात 'मामा', हे पोरानं कधी चुकवलं नव्हतं. खोटं बोलायचं असलं की तो असाच हसायचा, पण त्या वेळी रागात ते माझ्या लक्षात आलं नाही.

मैदानाच्या मागच्या दोन खोल्या कॉलेजनं प्रल्हादला दिल्या होत्या. मी घरी आले आणि धुणं काढलं. राग आला की मी धुणं काढायची. प्रल्हादचा आदल्या दिवशीचा बनियन हातात आला आणि मी तशीच बसून राहिले. पोटावर हळदीचा मोठा गोल डाग होता, त्यात कुंकवाचे ओघळ. बॉल पोटाशी धरून उभं राहायची त्याची सवय होती. पोरांना काही समजावून सांगायचं असलं की तो बॉल लेकरासारखा पोटाशी धरायचा.

मी बनियन पदराखाली घेऊन आतल्या खोलीत गेले. प्रल्हाद इकडून तिकडे चालत होता. खोली केवढी? चार पावलांत भिंत लागायची.

मी बनियन त्याच्यापुढे धरला.

"हे काय आहे?"

त्यानं बघितलं. चालायचा थांबला.

"पोट्टं तुह्यासाठी खोटं बोललं," मी म्हटलं. "अन् तू आयकून घेतलं."

"मले वाटलं नव्हतं तो बोलन म्हणून. मीच बोलणार होतो, बाई. तोंड उघडतच होतो."

"मंग?"

"मंग त्यानं आधी उघडलं."

"अन् तुह्यं बंद झालं?"

त्यानं खिडकीतून बाहेर बघितलं. मैदानावर मंडप लागत होता. सतरंज्या, खुर्च्या, माइक.

"विनायकराव आज माइकवर सांगणार आहेत," तो हळूच म्हणाला. "बक्षीस देताना. संस्थेनं मले कायम करायचं ठरवलं. काल दुपारी शिपाई येऊन सांगून गेला."

संस्थेचे सचिव विनायकराव दरवर्षी जूनमध्ये त्याला पुन्हा नेमायचे आणि दरवर्षी एप्रिलमध्ये आम्ही जीव मुठीत धरून बसायचो. कायम नाही म्हणून त्याचं लग्न राहिलं. दोन ठिकाणी बोलणी होऊन मोडली, तिसऱ्या ठिकाणी मी गेलेच नाही. डोक्याचे केस पिकायला लागले तरी तो अजून 'हंगामी' होता.

"हे तू काल कहून नाही सांगतलं मले?"

"जाहीर झाल्यावर सांगणार होतो."

"अन् बॉल कायले उचलला?"

तो पुन्हा चालायला लागला.

"संध्याकाळपर्यंत थांब, बाई. जाहीर होऊ दे. मंग मी स्वतः रेल्वेच्या साहेबाले भेटतो. पाया पडतो. सुदामले पाहा म्हणतो."

"संध्याकाळी साहेब बडनेऱ्याच्या गाडीत बसला राहते, पल्हाद."

"मंग काय करू सांग! इतकी वर्षं..." तो भिंतीशी वळला. "मी सांगतलं तर मी बाहेर. मी नियम केला, मीच मोडला. बेंचवर कोणत्या तोंडानं बसू?"

"तुले कोण बाहेर काढते? पोट्टे काढतीन?"

"पोट्टे नाही काढणार. म्हणूनच तर."

मला ते तेव्हा समजलं नाही. मी एवढंच म्हटलं, "मी माय आहे त्याची. तू नाही बोलला तर मी बोलीन." आणि बनियन बादलीत टाकला.

तो जेवला नाही. पुरण तसंच राहिलं. शर्ट घातला, काढला, दुसरा घातला आणि निघून गेला.

चार वाजता मी कुंपणाबाहेर रचलेल्या सागाच्या ओंडक्यांवर जाऊन बसले. बायका तिथेच बसायच्या. अख्खं गाव लोटलं होतं. समोर खुर्च्यांवर विनायकराव, त्यांच्या शेजारी रेल्वेचे साहेब, गोरेपान, जाड भिंगांचा चष्मा लावलेले. अमरावतीची टीम पिवळ्या कपड्यांत उड्या मारत होती. आमची पोरं निळी. सुदाम तेवढा साध्या सदऱ्यात, बेंचच्या टोकाला पाण्याची बादली सांभाळत बसला होता. साहेबांच्या हातात नावांचा कागद होता. ते शेजाऱ्याला काही विचारत होते आणि शेजारी बादलीकडे बोट दाखवत होता.

मी ओंडक्यावरून उतरले. कुंपणाला वळसा घालून आत जायचं, इद्रिसला गाठायचं, सांगून टाकायचं, असं ठरवून मी चालायला लागले. फाटकाजवळ पोहोचले आणि थांबले, कारण प्रल्हादनं पोरांना जवळ बोलावलं होतं.

तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. गोंगाट होता. त्यानं फार वेळ घेतला नाही. मला एवढंच दिसलं की पोरांच्या माना एकदम वर झाल्या. इद्रिस जोरजोरात हात हलवत काही सांगायला लागला. सुदाम बादलीपासून धावत आला आणि मामाच्या आडवा उभा राहिला. प्रल्हादनं त्याला खांद्याला धरून बाजूला केलं. गळ्यातली शिट्टी काढली, इद्रिसच्या गळ्यात घातली. मग भर मैदानातून, सगळ्या गावासमोर, तो चालत फाटकातून बाहेर आला.

"चाल," मला म्हणाला. "इथं काय उभी रायली? बसू."

आम्ही दोघं ओंडक्यांवर येऊन बसलो. बायका सरकल्या. एक म्हातारी म्हणाली, "का हो मास्तर, आज आमच्यात?"

"हाव, काकू. आज तुमच्यात."

समोर सुदाम निळा सदरा डोक्यातून घालत होता. घाईत उलटा घातला, पुन्हा काढला.

"एवढं कायले केलं, पल्हाद?" मी म्हटलं. "सांगायचं अन् बेंचवर बसायचं. कोण काय म्हणत होतं?"

"इद्रिस तेच म्हणत होता. 'सर, तुम्ही बसा, तुम्हाले कोण बोलते.'" त्यानं चपला काढल्या, पुन्हा घातल्या. "आज मी बसलो असतो तर उद्यापासून थो नियम फक्त पोट्ट्यांचा झाला असता."

शिट्टी झाली.

फळ्यावरचे आकडे तेव्हा मला वाचता येत नव्हते. मी नेहमी प्रल्हादच्या पाठीकडे बघून ओळखायची. पाठ ताठ म्हणजे आपण पुढे, वाकलेली म्हणजे मागे. आज तो शेजारीच होता आणि त्याचं सगळं अंग हलत होतं. गुडघे, बोटं, जबडा. ओंडका हलत होता. पिवळ्यांनी एकामागून एक बॉल टाकले. आमची पोरं पळता पळता कुंपणाकडे बघायची, सर काही खूण करतात का म्हणून. प्रल्हाद मान खाली घालून चपलांकडे बघत बसायचा.

"मागे आहो ना?" मी विचारलं.

"हाव."

"किती?"

"विचारू नोको."

इद्रिसनं वेळ मागून घेतली. पोरं गोल करून उभी राहिली. मधली जागा मोकळीच होती, प्रल्हाद उकिडवा बसायचा ती. पोरं त्या मोकळ्या जागेकडे बघत होती. मग इद्रिस तिथे उकिडवा बसला आणि बोटानं जमिनीवर रेघा ओढायला लागला.

"सुदामले कोपऱ्यात अडकवून ठेवलं त्यांनी," प्रल्हाद दातांत बोलला. "त्याले मधात आणा. मधात आणा ना रे!"

"मी जाऊन सांगू इद्रिसले?" मी उठलेच.

त्यानं माझा पदर ओढून मला खाली बसवलं. "तू सांगतलं म्हंजे मीच सांगतलं. बस."

"मंग गप बस तू बी."

"गपच तर आहो."

शेजारची म्हातारी म्हणाली, "हे गप आहेत, तर बोलतात तवा कसे असतीन?" आणि प्रल्हादसुद्धा हसला.

अर्धी मॅच झाली तेव्हा विनायकराव स्वतः चालत आमच्याकडे आले. पांढरंशुभ्र धोतर, हातात छडी. बायका पदर सावरून उठल्या. प्रल्हाद उभा राहिला.

"दांदळे, हा काय प्रकार आहे? फायनल चालू आहे आणि तुम्ही इथे बायकांत?"

"मी आज बाहेर आहे, साहेब."

"बाहेर म्हणजे? कोणी काढलं तुम्हाला?"

"नियम आहे टीमचा."

"कोणी केला हा नियम?"

"मीच."

विनायकरावांनी माझ्याकडे बघितलं, जसं काही मी त्याला समजावून सांगेन. मग म्हणाले, "पाहुणे विचारतायत, तुमचे कोच कुठे? मी काय सांगू? काय केलंत तरी काय तुम्ही?"

"नवमीला पूजेतला बॉल उचलला."

"अहो, मग?"

"मग काही नाही साहेब. उचलला."

विनायकरावांनी छडीनं बेंच दाखवला. "मुकाट्यानं जाऊन बेंचवर बसा. मी सांगतोय. आज काय जाहीर व्हायचंय ते तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग?"

प्रल्हादनं हात जोडले. विनायकराव छडी आपटत परत गेले. त्यांच्या पाठीकडे बघत तो खाली बसला. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यानं तो झटकला नाही.

दुसऱ्या अर्ध्यात काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. इद्रिसनं सुदामला मधात आणलं, एवढं कळलं. पोरांनी कुंपणाकडे बघायचं सोडून दिलं, हेही कळलं. ती एकमेकांना हाका मारायला लागली, शिव्या द्यायला लागली, पाठी थोपटायला लागली. सुदाम उडी मारून वर तरंगल्यासारखा व्हायचा आणि बॉल टाकून खाली यायचा. रेल्वेचे साहेब खुर्चीच्या कडेला सरकून बसले होते. पोरं जसजशी कुंपणाकडे बघेनाशी झाली, तसतसं प्रल्हादचं अंग हलायचं थांबलं. शेवटी शेवटी तो अगदी स्वस्थ बसला होता, हात मांडीवर ठेवून, तोंड किंचित उघडं. मी त्याला जन्मापासून बघत आले, पण तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

आम्ही जिंकलो.

बक्षीस देताना विनायकराव माइकवर बोलले. गावाचं कौतुक केलं, पाहुण्यांचे आभार मानले. मग म्हणाले, "आमच्या मुलांनी आज दाखवून दिलं की प्रशिक्षकाशिवायही जिंकता येतं. संस्थेला याचा अभिमान आहे. आता प्रशिक्षकांची गरज आहे का, याचा संस्था विचार करील." लोक हसले. त्यांना ती थट्टा वाटली. इद्रिस हसला नाही. करंडक हातात घेऊन तो मंडपातून तडक ओंडक्यांकडे आला, मागून सगळी टीम. करंडक त्यानं प्रल्हादच्या मांडीवर ठेवला आणि गळ्यातली शिट्टी काढून दिली.

"सर," तो म्हणाला, "उद्या प्रॅक्टिस किती वाजता?"

"पाचला," प्रल्हाद म्हणाला. "अन् सुदामले सांग, सदरा सुलटा घालून ये."

रेल्वेचं बोलावणं दिवाळीनंतर आलं. सुदामची पेटी भरताना मी त्याला विचारलं, तुला कसं ठाऊक होतं मामानं बॉल उचलला ते.

"पायलं ना मी," तो म्हणाला. "नवमीले जेवून सारे झोपले होते. मी आपला लिंबाखाली गेलो, तर मामा मैदानावर एकटाच. अनवाणी, बनियनवर. बॉल टाके, आणे, पुन्हा टाके. अन् दरवेळी टाकताना म्हणे, 'कायम!' गेला बॉल आत की हसे. 'कायम!' पुन्हा हसे. लहान पोट्ट्यासारखा. मले वाटलं येडा झाला का काय."

"अन् तू हाक नाही मारली?"

"कशी मारू, माय? त्याले तसं हसताना मी कधीच पायलं नव्हतं." त्यानं पेटीची कडी लावली. "मंग सकाळी इद्रिस विचाराले लागला अन् मामाचं तोंड पायलं मी. ते हसू पायलं नसतं तर गप बसलो असतो."

जूनमध्ये प्रल्हादची नेमणूक झाली नाही. नवे प्रशिक्षक पुण्याहून आले, पदवीवाले. आम्ही दोन खोल्या रिकाम्या केल्या आणि सुदामकडे भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायला गेलो. कॉलेजचा कोच तो पुन्हा कधी झाला नाही. क्वार्टरमागच्या मोकळ्या जागेत तो कॉलनीतल्या मुलामुलींना खेळवायचा, पहाटे आणि संध्याकाळी, जवळजवळ अखेरपर्यंत. त्या मुलांतल्या दोघी पुढे राज्याकडून खेळल्या.

माझा धाकटा भाऊ प्रल्हाद तुकाराम दांदळे भुसावळला रेल्वेच्या दवाखान्यात ११ फेब्रुवारी २००३ रोजी, मंगळवारी सकाळी वारला.